वेगवान आरमार आणि न पडलेला जंजिरा: शर्यती जिंकणाऱ्यांना विजेतेपद का मिळाले नाही?

१/
२०२२ च्या मार्चमध्ये फॉर्म्युला वनचा हंगाम सुरू झाला, तेव्हा फेरारी या इटालियन संघाची मोटार सर्वांत वेगवान वाटत होती. बाहरीनच्या पहिल्याच शर्यतीत त्यांचे दोन्ही चालक पहिल्या दोन क्रमांकांवर आले. तीन शर्यती झाल्या तेव्हा फेरारीचा शार्ल लक्लेर गतविजेत्या मॅक्स व्हर्स्टापेनच्या ४६ गुणांनी पुढे होता. त्या वर्षीच्या २२ पैकी १२ शर्यतींत आरंभरेषेवरची पहिली जागा फेरारीने मिळवली. हंगामाअखेर मात्र फेरारीच्या खात्यावर चार विजय होते आणि रेड बुलच्या खात्यावर सतरा.

२/
बार्सिलोना आणि बाकू येथे आघाडीवर असतानाच इंजिनाने दगा दिला. मोनॅकोत चाके बदलण्यास कधी बोलवायचे याचा हिशेब चुकला. फ्रान्समध्ये आघाडीवरचा चालक स्वतःच भिंतीवर गेला. हंगेरीत चुकीचे टायर चढवले गेले. यांतील एकाही पराभवाचे कारण मोटार हळू होती हे नव्हते. २००७ चे चालकांचे आणि २००८ चे संघाचे विजेतेपद यांनंतर या नामांकित संघाची दीड दशके अशीच गेली होती. एकेक फेरी जिंकण्याचा गुण आणि अख्खा हंगाम जिंकण्याचा गुण वेगवेगळे असतात, हे त्या वर्षी साऱ्या जगाने पाहिले.

३/
इतिहासात या प्रश्नाचे एक फार जुने आणि फार जवळचे रूप आहे. महाडहून सरळ रेषेत सुमारे ५५ किलोमीटरवर, मुरूडच्या समुद्रात जंजिरा उभा आहे. आपल्या काळातील सर्वांत चपळ फौज आणि किनाऱ्यावरील सर्वांत चपळ गलबते ज्यांच्याकडे होती, त्या मराठ्यांनी सुमारे पाऊण शतकाच्या काळात या किल्ल्यावर पुन्हा पुन्हा मोहिमा काढल्या. चकमकी जिंकल्या, मुलूख जिंकला, सिद्दीची गलबतेही पकडली. किल्ला मात्र एकदाही पडला नाही. असे का झाले, याचा हा धागा.

४/
प्रथम वेगाचे माहेर पाहू. सावित्री नदी महाबळेश्वरी उगम पावते, घाट उतरून पोलादपुरास येते, तेथून महाडला वळसा घालून बाणकोटपाशी समुद्रास मिळते. पोलादपुराच्या डोक्यावर प्रतापगड आणि जावळीचे खोरे, महाडच्या उत्तरेस रायगड, पूर्वेस वरंध घाट. भरतीच्या पाण्यावर गलबते महाडपर्यंत येत, आणि तेथून माल बैलांच्या पाठीवर घाट चढे. समुद्र आणि देश यांना जोडणारी ही चिंचोळी पट्टी ज्याच्या हाती, त्याच्या हाती वेग.

५/
१६५६ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि त्याच वर्षी रायरी, म्हणजेच पुढचा रायगड, त्यांच्या ताब्यात आला. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखान मारला गेला. एवढ्या मोठ्या विजयानंतर कोणतीही फौज विसावली असती. येथे मात्र २८ नोव्हेंबरला पन्हाळा मराठ्यांकडे होता. मधले अंतर अठरा दिवसांचे. आदिलशाहीला पराभवाची बातमी नीट पचवण्यापूर्वीच पुढचा पराभव झाला होता.

६/
या वेगामागे पद्धत होती. फौज हलकी, सोबत अवजड सामान नाही, वाटा पाठ असलेले मावळे, आणि उमरठच्या तानाजी मालुसऱ्यांसारखी याच डोंगरांत रुजलेली माणसे. सभासदाच्या बखरीत या लष्कराचे वार्षिक चक्र वर्णिले आहे: पावसाळ्याचे दिवस छावणीत काढायचे, दसऱ्यास बाहेर पडायचे आणि आठ महिने परमुलखात पोट भरायचे. हा हंगामी क्रम देशावर उत्तम चालला. शत्रूही पावसाळ्यात चिखलातच अडकलेला असे, त्यामुळे थांबण्याचा तोटा दोघांनाही सारखाच होई.

७/
आरमार उभारतानाही हाच गुण पाण्यावर उतरला. मराठ्यांच्या ताफ्यात गुराबांसारखी मोठी जहाजे होती, पण खरा भर गलबते, तरांडी, माचवे आणि संगमेश्वरी यांवर. ही जहाजे उथळ पाण्यात जात, वारा पडला तरी वल्ह्यांवर चालत आणि संकट येताच खाडीत शिरून दिसेनाशी होत. फेब्रुवारी १६६५ मध्ये ८५ लहान गलबते आणि तीन मोठी जहाजे घेऊन महाराज थेट कर्नाटकच्या किनाऱ्यावर बसरूरला जाऊन आले. आरमार उभारून दशकही झालेले नसताना ही मजल थक्क करणारी होती.

८/
आता प्रतिस्पर्धी पाहू. जंजिरा चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला, तटावर भारी तोफा आणि आत गोड्या पाण्याचे दोन तलाव. त्याचा मुख्य दरवाजा जवळ गेल्याशिवाय ध्यानात येत नाही. समोरच्या किनाऱ्यावर दंडा-राजपुरी. किल्ल्यास शिडी लावायची तर आधी भरती-ओहोटी साधावी लागे, मग निसरडा खडक आणि त्यानंतर तट. तहानेने हा किल्ला शरण येणार नव्हता, आणि हलक्या गलबतांवरील हलक्या तोफांनी त्याचा तट ढासळणार नव्हता. उरत होता एकच मार्ग: त्याची रसद तोडणे आणि तोडलेली ठेवणे.

९/
पहिली मोठी संधी १६७० च्या आसपास आली. महाराजांनी असा रेटा लावला की किल्ल्याचा प्रमुख फत्तेखान तह करून जंजिरा देण्याच्या मनःस्थितीत आला. किल्ल्यातील इतर सिद्दी सरदारांना हे रुचले नाही. संबळ, कासम आणि खैर्यत यांनी फत्तेखानास कैद केले आणि मोगलांचा आश्रय घेतला. १६७१ च्या होळीच्या सुमारास मराठे सणात गुंतलेले असताना सिद्दींनी रात्री जमिनीवरून आणि पाण्यावरून एकदम हल्ला करून दंडा-राजपुरी परत घेतली. दारूकोठाराचा स्फोट झाला आणि हाती आलेला डाव निसटला.

१०/
ही घटना सहसा कटाची कथा म्हणून सांगितली जाते. तिचा अधिक खोल परिणाम वेगळाच होता. आजवर सिद्दी हा स्थानिक सत्ताधीश होता. आता तो मोगल बादशाहीचा आरमारप्रमुख झाला. सुरतेच्या उत्पन्नातून त्याला पैसा मिळू लागला, सुरतेच्या बंदरात त्याची जहाजे बांधली व दुरुस्त केली जाऊ लागली. यापुढे मराठ्यांची गाठ एका बेटाशी नव्हती. त्या बेटामागे हिंदुस्थानातील सर्वांत श्रीमंत बंदराची तिजोरी उभी होती.

११/
याच ठिकाणी पावसाळ्याचे गणित उलटते. कोकणात समुद्र साधारण ज्येष्ठात बंद होतो आणि नारळी पौर्णिमेनंतर उघडतो. या काळात उघड्या समुद्रात वेढा चालवणे जवळजवळ अशक्य. देशावर पावसाळा दोघांनाही थांबवत असे. समुद्रावर तो मुख्यतः वेढा घालणाऱ्याला थांबवी. सिद्दीचा ताफा अनेक वर्षे मुंबईच्या सुरक्षित बंदरात, माझगावला, पावसाळा काढत असे. इंग्रजांना ही पाहुणेमंडळी आवडत होती असे नाही. पण मोगलांशी वैर घेऊन सुरतेचा व्यापार गमावण्याची त्यांची तयारी नव्हती.

१२/
म्हणजे दरवर्षी काय होई? मराठे हंगामात सिद्दीला दमवत. मृग बरसू लागला की पकड सैल होई. चार महिन्यांत सिद्दी मुंबईत जहाजे डागडुजी करून, धान्य भरून, नव्या दमाने बाहेर पडे. पुढच्या वर्षीचा वेढा पुन्हा पहिल्यापासून. महाराजांना हे स्पष्ट दिसत होते. म्हणूनच १६७८ च्या पावसाळ्यात त्यांनी माझगावात नांगरलेला ताफा जाळण्यासाठी दौलतखानास पनवेलकडे धाडले. पण पावसाने खवळलेले पाणी ओलांडणे जमले नाही, पोर्तुगीजांनीही आपल्या मुलखातून वाट दिली नाही. बेत तेथेच राहिला.

१३/
रोगाचे निदान अचूक असल्याचा आणखी एक पुरावा समुद्रातच उभा आहे. जंजिऱ्यापासून थोड्याच अंतरावर, कांसा नावाच्या खडकावर, महाराजांनी पद्मदुर्ग बांधावयास घेतला. शत्रूच्या तोफा आणि शत्रूची गलबते समोर असताना समुद्रात किल्ला बांधणे हे धाडस तर होतेच. पण त्यामागचा विचार धाडसापेक्षा मोठा होता. दरवर्षी येऊन परत जाणाऱ्या आरमाराला जंजिऱ्याच्या समोरच कायमचे घर मिळणार होते. म्हणजे वेगाला मुक्कामाची जोड मिळणार होती.

१४/
मग जानेवारी १६७५ चे प्रसिद्ध पत्र येते. ते प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेले आहे. पद्मदुर्गासाठी आरमाराचे अधिकारी दौलतखान आणि दर्यासारंग यांच्याकडे ठरलेली रक्कम आणि धान्य पोहोचवण्याची आज्ञा त्याला झाली होती. त्याने ती पाळली नाही. महाराजांचा संताप पत्राच्या प्रत्येक ओळीत जाणवतो. तू हबशाला फितूर झालास काय, असा संशय ते उघड व्यक्त करतात, आणि जातीने ब्राह्मण आहेस म्हणून गय केली जाणार नाही, असेही स्पष्ट बजावतात.

१५/
हे पत्र बहुतेक वेळा महाराजांच्या न्यायनिष्ठुरतेचा दाखला म्हणून दिले जाते, आणि तो दाखला खराच आहे. पण आरमाराच्या दृष्टीने ते वाचले की आणखी काही दिसते. एवढ्या मोठ्या मोहिमेची नाडी एका सुभ्याच्या कचेरीत अडकली होती. समुद्रातील खडकावर बांधकाम करणारे गवंडी, पहारा देणारे कोळी-भंडारी आणि वल्ही मारणारे खलाशी यांचे पोट तेथून निघणाऱ्या धान्यावर होते. राजाला प्रश्न नेमका कळला होता. उत्तर अमलात आणणारी साखळी मात्र एका कडीपाशी तुटत होती.

१६/
१६७६ मध्ये पेशवे मोरोपंत पिंगळे सुमारे दहा हजार माणसे घेऊन जंजिऱ्यावर आले. तराफ्यांवर तोफा चढवून तरते मोर्चे तयार झाले. आजवरचा हा सर्वांत जबर प्रयत्न होता. पण सिद्दी कासम ताफा घेऊन आला, त्याने तरते मोर्चे उधळले आणि डिसेंबरअखेर वेढा उठवावा लागला. घेरलेल्या किल्ल्याच्या मदतीला बाहेरून ताफा येऊ शकतो, एवढी एक गोष्ट मोडून काढल्याशिवाय किल्ल्यासमोर कितीही माणसे उभी केली तरी निकाल तोच राहणार होता.

१७/
याच सुमाराची लाय पाटलाची कथा परंपरेने जपली आहे. पद्मदुर्गाचा हा कोळी वीर आपल्या माणसांसह काळोख्या रात्री जंजिऱ्याच्या तटाला जाऊन भिडला आणि त्याने शिड्या लावल्या. मागून मोरोपंतांची तुकडी यायची होती. ती वेळेत आली नाही. पहाट होऊ लागली तशा शिड्या काढून त्यांना परतावे लागले. महाराजांनी लाय पाटलास पालखीचा मान देऊ केला. समुद्रावर फिरणाऱ्याला पालखी कशाला, असे म्हणून त्याने तो नम्रपणे नाकारला. तेव्हा ‘पालखी’ नावाचे गलबतच बांधून त्याला दिले गेले, अशी ही कथा आहे.

१८/
कथेतील तपशील बखरींचे असले, तरी तिने अचूक मर्म पकडले आहे. सर्वांत कठीण काम, म्हणजे तोफांखालून जाऊन तटाला शिडी लावणे, पार पडले होते. चुकले ते दोन तुकड्यांमधले वेळेचे गणित. मोनॅकोत लक्लेर सर्वांत पुढच्या जागेवरून निघाला आणि चौथा आला, त्यामागचे कारण याच जातीचे. पुढच्या माणसाने जीव तोडून मिळवलेले क्षण मागच्या व्यवस्थेने गमावले.

१९/
मग मराठी आरमाराला हा गुण कधीच साधला नाही काय? साधला, आणि तो अवघ्या तीन वर्षांनी. १६७९ च्या पावसाळ्यात, ऑगस्टअखेरीस, मायनाक भंडारी याने मुंबईच्या तोंडाशी असलेले खांदेरी बेट ताब्यात घेऊन तटबंदी सुरू केली. इंग्रजांनी जहाजे पाठवून बेटाची नाकेबंदी केली. १८ ऑक्टोबरच्या लढाईत ‘डव्ह’ हे इंग्रज गलबत मराठ्यांच्या हाती पडले. केग्विनचे ‘रिव्हेंज’ मात्र भारी तोफांच्या बळावर टिकून राहिले. तोफेस तोफ भिडली की हलक्या गलबतांची मर्यादा दिसे, ती येथेही दिसली.

२०/
पण खांदेरीचा निकाल त्या लढाईने लागला नाही. तो लागला रोज रात्री होणाऱ्या फेऱ्यांनी. थळ आणि नागावच्या किनाऱ्यावरून लहान होड्या अंधारात धान्य, दारूगोळा आणि माणसे घेऊन बेटावर जात व उजाडण्यापूर्वी परत येत. वारा पडला की इंग्रजांची शिडाची जहाजे जागच्या जागी डोलत राहत आणि वल्ह्यांच्या होड्या त्यांच्या समोरून निघून जात. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी तह केला आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. सिद्दीला शेजारची उंदेरी बळकावण्यावर समाधान मानावे लागले.

२१/
दोन्ही मोहिमा शेजारी ठेवून पाहाव्यात. दर्यावर्दी तेच, गलबतांची घडणही तीच. जंजिऱ्यापुढे वेगाकडून छाप्याचे काम घेतले गेले आणि रसद मागे लटपटली. खांदेरीत तोच वेग रसद वाहण्याच्या रोजच्या, नीरस कामाला जुंपला गेला आणि बेट टिकले. खांदेरीचा किनारा अवघ्या काही मैलांवर होता, पाठीशी आपला मुलूख होता, हा फायदा नाकारता येत नाही. तरीही चपळाई कोठे वापरावी, याचा धडा येथे मिळतो.

२२/
छत्रपती संभाजी महाराजांच्या काळात हा संघर्ष महाडच्या दारात आला. सिद्दीच्या स्वाऱ्या थेट महाडपर्यंत पोहोचू लागल्या. राजधानी रायगड तेथून काही कोसांवर. जंजिरा हे आता दूरच्या समुद्रातील शल्य राहिले नव्हते. कोंडाजी फर्जंद फितुरीचे सोंग करून किल्ल्यात शिरला, दारूकोठार उडवण्याचा त्याचा बेत फुटला आणि तो मारला गेला. मग १६८२ च्या आरंभी संभाजी महाराज स्वतः राजपुरीस आले. किनारा आणि किल्ला यांमधील खाडीच दगड-लाकडांनी बुजवून सेतू बांधण्याचे काम त्यांनी हाती घेतले.

२३/
हा सेतू म्हणजे तोवरच्या सर्व प्रयत्नांतील सर्वांत संथ आणि म्हणूनच कदाचित सर्वांत योग्य उपाय होता. तो पुरा होण्याआधीच हसनअलीखान मोगल फौज घेऊन कल्याणच्या बाजूस उतरला. महाराजांना वेढा सोडून तिकडे धावावे लागले. मागे वेढ्याची जबाबदारी राहिली महाडच्या दादाजी रघुनाथ देशपांडे यांच्यावर. जंजिरा घेतल्यास अष्टप्रधानांत जागा मिळेल, असे वचन त्यांना दिल्याचे बखर सांगते. पावसाळ्यात गलबतांतून माणसे नेऊन हल्ला झाला. निसरड्या खडकावर पाय ठरेनात, माणसे पडली आणि वेढा उठला.

२४/
महाडच्या या माणसाचे अपयश नेमके कशाचे? शौर्य कमी पडले असे म्हणण्यास आधार नाही. छत्रपती गेले, फौजेचा मोठा भाग गेला, सेतू अर्धवट राहिला, समुद्र बंद झाला. आणि तरीही त्याच्याकडून अपेक्षा होती ती एका झेपेची. सर्व बळ एका ठिकाणी लावण्याची सवड या राज्याला औरंगजेबाने दिलीच नाही. मोगल, पोर्तुगीज आणि सिद्दी अशा तीन आघाड्यांवर एकच चपळ फौज फिरत राहिली. ती प्रत्येक ठिकाणी वेळेवर पोहोचली, पण कोठेच पुरेशी थांबू शकली नाही.

२५/
त्याची किंमत महाड-पोलादपूरच्या मुलखाने मोजली. १६८९ मध्ये रायगड मोगलांनी घेतला आणि पुढे तो सिद्दीच्या ताब्यात गेला. ज्या राजधानीतून जंजिऱ्यावरच्या मोहिमा आखल्या गेल्या, तिच्यावर जंजिऱ्याच्याच धन्याचा अंमल बसला, आणि तो बराच काळ टिकला. न मिळालेल्या विजेतेपदाची हळहळ एखाद्या क्रीडाप्रेमीला वर्षभर पुरते. येथे मात्र गावोगावच्या शेतकऱ्यांना दोन-दोन सत्तांचा वसूल आणि लूट सोसावी लागली.

२६/
१७३३ मध्ये दुसरी मोठी संधी आली. सिद्दी रसूल याकूतखान मरण पावला आणि वारसांत तंटा लागला. मे महिन्यात बाजीराव आणि फत्तेसिंग भोसले राजपुरीवर उतरले आणि सिद्दीच्या आरमारातील एक भाग त्यांच्या हाती आला. पाच वर्षांपूर्वी पालखेडला निव्वळ हालचालींच्या वेगाने निजामाला जेरीस आणणारा हाच तो सेनापती. पण मे महिना म्हणजे हंगामाचा शेवट. पावसाळा तोंडावर, भारी तोफा नाहीत, आणि समुद्राकडून किल्ला आवळणे केवळ सेखोजी आंग्र्यांच्या आरमारावर अवलंबून.

२७/
८ जूनला प्रतिनिधींनी महाडच्या बाजूने रायगड हस्तगत केला. साऱ्या महाराष्ट्राला आनंद झाला; बाजीरावांना मात्र प्रतिनिधींनी आपला डाव अवेळी उघड केला असे वाटले. दोन सरदारांमधील तेढ वाढली. ऑगस्टअखेर सेखोजी आंग्रे मरण पावले आणि त्यांच्या भावांत वाद सुरू झाला. मुंबईकर इंग्रजांनी सिद्दीला मदत केली. डिसेंबरात तह करून बाजीराव परतले. तीन वर्षांनी, एप्रिल १७३६ मध्ये, चिमाजी अप्पांनी सिद्दी सात याला लढाईत मारले आणि सिद्दीचा उपद्रव बराच ओसरला. रायगड परत आला होता, मुलूखही आला होता. जंजिरा तेथेच होता.

२८/
याच चिमाजी अप्पांनी लगेच पुढे काय केले, ते या प्रश्नाचे उत्तर पुरे करते. १७३७ मध्ये वसईची मोहीम सुरू झाली. ती दोन वर्षांहून अधिक चालली. पावसाळा आला म्हणून ती मोडली नाही. आसपासची ठाणी एकेक करून घेतली गेली, सुरुंग खणले, ते फसले, पुन्हा खणले. मे १७३९ मध्ये पोर्तुगीज शरण आले. वसईला जमिनीची वाट होती आणि जंजिऱ्याला नव्हती, हा फरक मोठा आहे. तरीही हीच माणसे ठाण मांडून, दीर्घ आणि संथ युद्ध जिंकू शकत होती, हे वसईने सिद्ध केले.

२९/
जंजिऱ्याला ‘अजिंक्य’ म्हणताना सारे श्रेय आपण त्याच्या दगडांना देतो. दगड खरेच मजबूत होते. पण किल्ला टिकला तो सुरतेचा पैसा, माझगावचा पावसाळी आसरा, मोगलांनी ऐन वेळी उघडलेली दुसरी आघाडी आणि मराठी सरदारांतील दुफळी यांच्यामुळे. यांतील एकाही गोष्टीवर अधिक वेगाचा उपाय चालणारा नव्हता. पद्मदुर्ग, जिवाजी विनायकास पाठवलेले पत्र, पनवेलची फसलेली मोहीम आणि अर्धवट सेतू हे सारे सांगतात की दोन्ही छत्रपतींनी हे ओळखले होते. त्यांना हवा होता तो वेळ आणि सलगपणा मिळाला नाही.

३०/
जंजिऱ्याचे संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले, आणि किल्ला त्याच्याबरोबर एकही गोळी न झाडता आला. आज मुरूडच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समुद्रात दोन किल्ले दिसतात. डावीकडे जंजिरा, तेथे जाण्यासाठी होड्यांना सुटीच्या दिवशी रांग लागते. उजवीकडे, थोडा दूर, पद्मदुर्ग. तेथे फारसे कोणी जात नाही. त्याच्या तटातील दगड लाटांनी झिजले आहेत, पण सांधणारा चुना अजून जागेवर आहे. जानेवारी १६७५ मध्ये त्याच खडकावरची माणसे प्रभावळीहून येणाऱ्या धान्याची वाट पाहत होती.

(धागा समाप्त)